बखर आणि अस्सल कागद : लेनी रीफेन्श्टालची कारकीर्द

लेनी रीफेन्श्टाल (१९०२–२००३) या जर्मन चित्रपट-दिग्दर्शिकेच्या चरित्राची साधने ढोबळ मानाने दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात तिने स्वतः सांगितलेले सारे येते : १९८७ साली प्रसिद्ध झालेले नऊशेहून अधिक पानांचे आत्मचरित्र, दीर्घ आयुष्यात दिलेल्या असंख्य मुलाखती आणि न्यायालयांपुढे केलेली निवेदने. दुसऱ्या प्रकारात खर्चाचे हिशेब, सरकारी पत्रव्यवहार, इतरांच्या रोजनिशा, चित्रपटांच्या वेगवेगळ्या काळांतल्या श्रेयनामावल्या आणि छावण्यांच्या कारभाराचे कागद मोडतात. मराठी वाचकाला हा भेद अपरिचित नाही. बखरी आणि अस्सल कागदपत्रे यांच्यातली जी तफावत इतिहासाचार्य राजवाडे यांनी आयुष्यभर पोटतिडकीने मांडली, तीच येथे विसाव्या शतकाच्या पेहरावात समोर येते. रीफेन्श्टालची कला थोर मानावी की नाझी राजवटीची चाकरी केल्याबद्दल ती त्याज्य ठरवावी, या वादात पन्नासेक वर्षे पुष्कळ शाई खर्ची पडली; परंतु दोन्ही पक्षांनी बऱ्याचदा तिच्या बखरीवरच भिस्त ठेवल्यामुळे पैसे कोणी दिले, राबले कोण आणि नावे कोणाची गाळली गेली, हे साधे प्रश्न बराच काळ बाजूला पडले.

तिचा जन्म २२ ऑगस्ट १९०२ रोजी बर्लिनच्या वेडिंग या कामगारवस्तीत झाला. वडिलांचा इमारतींना उष्णता आणि वायुवीजन पुरवणारी यंत्रणा बसवण्याचा व्यवसाय होता आणि मुलीने रंगमंचावर जाणे त्यांना मुळीच पसंत नव्हते. तरीही तिने नृत्याचे शिक्षण घेतले, एकटीचे कार्यक्रम केले आणि नाव मिळू लागलेले असतानाच गुडघ्याच्या दुखापतीमुळे तिला नृत्य सोडावे लागले. पुढची वाट तिला आर्नोल्ड फांक या दिग्दर्शकाच्या चित्रपटांत सापडली. फांक मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. बर्फाच्छादित आल्प्समध्ये, पडद्यावर रंगवलेल्या नव्हे तर खऱ्या कड्यांवर, अभिनेत्यांना चढवून त्याने जो चित्रप्रकार रूढ केला त्याला जर्मनीत 'बेर्गफिल्म', म्हणजे पर्वतपट, म्हणतात. १९२६ ते १९३३ या काळात रीफेन्श्टालने त्याच्या सहा चित्रपटांत काम केले, गिर्यारोहण आणि स्कीइंग आत्मसात केले आणि, पुढच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे, भिंगे, गाळण्या, कॅमेऱ्याचा वेग आणि संकलन या गोष्टी छायालेखकांच्या पाठीशी उभे राहून शिकून घेतल्या. तिच्या कष्टाळूपणाविषयी तिच्या शत्रूंनीही कधी शंका घेतलेली नाही.

दिग्दर्शिका म्हणून तिचा पहिला चित्रपट 'दास ब्लाऊ लिख्ट', म्हणजे 'निळा प्रकाश', १९३२ साली आला. पौर्णिमेच्या रात्री डोंगरातल्या स्फटिकांच्या गुहेतून निळा उजेड पाझरतो, तिथे पोहोचण्याची वाट गावाने वाळीत टाकलेल्या युंटा नावाच्या मुलीलाच ठाऊक असते, आणि गावकरी एके दिवशी ती गुहा लुटून नेतात तेव्हा युंटा कड्यावरून कोसळून मरते, अशी ही लोककथेच्या वळणाची गोष्ट आहे. युंटाची भूमिका रीफेन्श्टालचीच होती, गावकरी दक्षिण टिरोलच्या दरीतले खरे शेतकरी होते. पटकथा मात्र प्रामुख्याने बेला बालाझ या हंगेरियन लेखकाची होती. चित्रपटसिद्धान्ताच्या इतिहासात त्याचे स्थान पक्के आहे, काही दृश्यांच्या दिग्दर्शनातही त्याचा हात होता, आणि तो ज्यू व साम्यवादी होता. निर्मितीत पैसा गुंतवणारा हॅरी सोकाल हाही ज्यू होता. चित्रपट लागला तेव्हा दोघांची नावे पडद्यावर होती. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, मॉस्कोला गेलेल्या बालाझने आपल्या राहिलेल्या मोबदल्याची मागणी केली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात रीफेन्श्टालने कायझरहोफ हॉटेलच्या कागदावर एक चिठ्ठी लिहून या ज्यूच्या आपल्यावरील दाव्यासंबंधी व्यवहार करण्याचे अधिकार यूलियुस श्ट्रायखरला दिले. श्ट्रायखर हा वकील नव्हे. 'डेर श्ट्यूर्मर' या अत्यंत गलिच्छ ज्यूद्वेष्ट्या साप्ताहिकाचा तो प्रकाशक आणि न्यूरेंबर्ग भागातला नाझी पुढारी होता. १९३८ साली चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा श्रेयनामावलीतून बालाझ आणि सोकाल दोघेही नाहीसे झाले होते. ती चिठ्ठी चार-दोन ओळींची असली तरी आपण राजकारणापासून अलिप्त कलावंत होतो या तिच्या पुढच्या सत्तर वर्षांच्या दाव्यापुढे ती पुरून उरते.

हिटलरचे भाषण तिने १९३२च्या आरंभी बर्लिनच्या श्पोर्टपालास्ट सभागृहात प्रथम ऐकले, त्यानंतर आपणहून त्याला पत्र लिहिले आणि मे महिन्यात उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर त्याची भेट घेतली. एवढे तिला स्वतःलाही मान्य होते. वाद आहे तो पुढच्या वर्षाचा. आत्मचरित्रानुसार १९३३च्या पक्ष-अधिवेशनावरील चित्रपटाचे काम ऐन वेळी, ऑगस्टच्या अखेरीस, तिच्या गळ्यात घालण्यात आले आणि प्रचारमंत्री गोबेल्स तिचा हाडवैरी होता. गोबेल्सच्या रोजनिशीत मात्र मे आणि जून १९३३मध्येच तिच्याशी हिटलरपटाविषयी बोलणे झाल्याच्या, सहलींच्या आणि सायंकाळच्या भेटीगाठींच्या नोंदी आहेत. गोबेल्स हा सत्यवचनी माणूस नव्हता, हे खरे. तथापि तिच्याशी असलेली ओळख खोटी लिहून ठेवण्याचे त्याला १९३३ साली काही कारण नव्हते, म्हणून येथे त्याची नोंद ग्राह्य धरावी लागते. त्या अधिवेशनावरचा 'श्रद्धेचा विजय' हा तासाभराचा चित्रपट निघाला, परंतु त्यात हिटलरच्या शेजारी वावरणारा एर्न्स्ट रोम, म्हणजे तपकिरी गणवेशातल्या एस.ए. या निमलष्करी दलाचा प्रमुख, ३० जून १९३४च्या सुमारास हिटलरच्याच आज्ञेने पकडला जाऊन ठार झाला आणि चित्रपटाच्या प्रती गोळा करून नष्ट करण्यात आल्या. १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये एक प्रत हाती लागली, म्हणून तो आज पाहता येतो.

'त्रिउम्फ देस विलेन्स', म्हणजे 'संकल्पाचा विजय', या पुढच्या चित्रपटाची गरज याच रक्तपातातून निर्माण झाली होती. ४ ते १० सप्टेंबर १९३४ या काळात न्यूरेंबर्ग येथे भरलेल्या अधिवेशनात पक्ष, एस.ए. आणि सैन्य एकदिलाने नेत्यामागे उभे आहेत, हे देशाला आणि जगाला दाखवायचे होते. रीफेन्श्टालच्या हाताखाली सुमारे १७० माणसे होती, त्यांत सोळा प्रमुख छायालेखक व त्यांचे सहायक. गर्दीत वेगळे दिसू नये म्हणून अनेकांना एस.ए.चा गणवेश चढवला होता. लुइटपोल्ड मैदानावर जवळजवळ अडतीस मीटर उंच ध्वजस्तंभाला विजेवर चालणारी लहानशी लिफ्ट बसवली होती. लाखभर शिस्तबद्ध माणसांच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यावरून हिटलर, हिमलर आणि रोमच्या जागी आलेला लुट्झे युद्धस्मारकाकडे चालत जातात त्या दृश्यात बारकाईने पाहिले तर मागच्या प्रचंड ध्वजांच्या मधून ती लिफ्ट वर सरकताना दिसते. एक लाख तीस हजार मीटर फिल्म खर्ची पडली आणि तीतून सुमारे तीन हजार शंभर मीटरचा, ११४ मिनिटांचा चित्रपट काढण्यासाठी तिने अनेक महिने संकलनाच्या खोलीत रात्रंदिवस काम केले.

या संकलनाचा एक नमुना पाहण्याजोगा आहे. आरंभी विमान ढगांतून उतरते, त्याची सावली न्यूरेंबर्गच्या रस्त्यांवरून सरकते, आणि मग हिटलरची मोटार शहरातून जाऊ लागते तेव्हा कॅमेरा त्याच्या पाठीमागे, त्याच गाडीत आहे. अभिवादनासाठी मागे वळवलेल्या त्याच्या तळहातात ऊन साठल्यासारखे दिसते. लगेच एका खिडकीच्या कडेला बसलेले मांजर, कडेवर मूल घेऊन पुढे आलेली बाई, पुतळ्याचा चेहरा, पुन्हा तळहात. निवेदकाचा आवाज कुठेही नाही. वाग्नरच्या वळणाचे हर्बर्ट विंटचे संगीत आणि लोकांचा गजर यांवरच सारा भार असल्यामुळे कोणी आपल्याला काही पटवून देत आहे, असे प्रेक्षकाला वाटतच नाही. रीफेन्श्टाल आयुष्यभर याच गोष्टीकडे बोट दाखवून म्हणत राहिली की निवेदन नसलेला हा चित्रपट प्रचारपट नसून घडलेल्या घटनेची निव्वळ नोंद आहे. हा युक्तिवाद लंगडा आहे. सात दिवसांचा कार्यक्रम चित्रपटात मूळ क्रमाने येत नाही, तो लयीसाठी फिरवलेला आहे. श्पेअर या नाझी वास्तुविशारदाने आपल्या आठवणींत लिहिल्याप्रमाणे वाया गेलेल्या भाषणांची काही दृश्ये मागाहून स्टुडिओत, व्यासपीठाची प्रतिकृती उभारून, घेण्यात आली (तिने हे नाकारले). आणि अधिवेशनाची आखणी कॅमेऱ्यांची सोय पाहून झाली होती, असे १९३५ साली तिच्याच नावाने प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नमूद आहे. युद्धानंतर ते पुस्तक आपण लिहिलेच नाही, दुसऱ्याने लिहिले, असे ती सांगू लागली. पैशाच्या बाबतीतही हाच प्रकार : चित्रपट आपल्या स्वतंत्र कंपनीचा होता, असे आत्मचरित्र म्हणते, तर ऊफा या मोठ्या चित्रसंस्थेच्या ऑगस्ट १९३४मधील नोंदीत ती वितरणाचा करार नाझी पक्षनेतृत्वाची विशेष मुखत्यार म्हणून करताना दिसते.

'ऑलिंपिया'च्या बाबतीत मात्र न्याय करणे अधिक अवघड आहे, कारण १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकवरचा हा दोन भागांचा चित्रपट क्रीडाचित्रणाच्या शास्त्राचा पाया मानला जातो आणि तो मान त्याला रास्तपणे मिळालेला आहे. उड्या मारणारे खेळाडू आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसावेत म्हणून मैदानात खड्डे खणून त्यांत छायालेखक बसवले होते. फुग्यांना लहान कॅमेरे बांधून सोडले होते. हान्स एर्ट्ल याने पाण्याखाली चालणारा कॅमेरा तयार करून पोहणाऱ्यांना सूर मारल्यापासून बुडबुड्यांतून वर येईपर्यंत टिपले होते. मॅरेथॉनच्या दृश्यात धावणाऱ्याच्या नजरेने त्याचीच सावली आणि पावले दिसतात. दुसऱ्या भागाच्या अखेरीस उंचावरून सूर मारणाऱ्यांची जी मालिका येते तीत नावे, देश, गुण सारे हळूहळू गळून जाते आणि केवळ काळ्या आकृत्या ढगांपुढे तरंगत राहतात; चित्रपटाच्या इतिहासात संकलनाचे इतके निर्दोष तुकडे फार थोडे असतील. जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूची चार सुवर्णपदके तिने लपवली नाहीत, त्याच्या देहाकडे कॅमेरा कौतुकानेच पाहतो. अंधार पडल्यामुळे नीट टिपता न आलेली बांबू-उडीची अंतिम स्पर्धा तिने दुसऱ्या दिवशी त्याच खेळाडूंकडून पुन्हा करवून घेतली. भारताच्या वाट्याला या चित्रपटात हॉकीची झलक आली आहे. १५ ऑगस्ट १९३६ रोजी ध्यानचंदांच्या संघाने यजमान जर्मनीला ८–१ असे हरवले होते. त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली, ही गोष्ट विदर्भात आजही अभिमानाने सांगितली जाते.

अशा चित्रपटाची हिशेबाची वही उघडली की सूर बदलतो. चित्रपट आपण ऑलिंपिक समितीच्या इच्छेवरून आणि खासगी भांडवलावर काढला, असे रीफेन्श्टाल सांगत असे. प्रत्यक्षात 'ऑलिंपिया-फिल्म' ही कंपनी डिसेंबर १९३५मध्ये सरकारी पैशाने नावापुरती उभी केली होती, कारण निर्माता म्हणून जर्मन सरकार उघडपणे पुढे दिसू नये अशी प्रचारमंत्रालयाची इच्छा होती, आणि मंत्रालयाच्या कागदांत ती तशीच लिहिलेली आहे. पंधरा लाख राइशमार्कचा पहिला निधी पुरला नाही, १९३६च्या शरद ऋतूत हिशेबतपासनिसांनी उधळपट्टीवर ताशेरे ओढले, तेव्हा ती हिटलरपर्यंत गेली आणि आणखी पैसे घेऊन आली. प्रास्ताविकाच्या चित्रीकरणात ज्याचा मोठा वाटा होता तो विली त्सिल्के १९३७ साली मनोरुग्णालयात दाखल झाला आणि नाझी कायद्याखाली त्याची सक्तीने नसबंदी करण्यात आली. २० एप्रिल १९३८ रोजी, म्हणजे हिटलरच्या वाढदिवशी, बर्लिनमध्ये 'ऑलिंपिया'चा पहिला खेळ झाला. नोव्हेंबरात ती चित्रपट विकण्यासाठी अमेरिकेला पोहोचते न पोहोचते तोच ९ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेल्याची बातमी आली. हॉलिवूडमधल्या बहुतेकांनी दारे बंद केली, मोठ्यांपैकी वॉल्ट डिस्ने भेटला तेवढाच.

सप्टेंबर १९३९मध्ये पोलंडवर आक्रमण झाले तेव्हा ती स्वतःचे चित्रपथक घेऊन सैन्यामागोमाग गेली. १२ सप्टेंबरला कोन्स्किये या गावी जर्मन सैनिकांनी वीसहून अधिक ज्यूंना गोळ्या घातल्या, आणि त्या क्षणी गर्दीत उभ्या असलेल्या, तोंड वेडेवाकडे झालेल्या रीफेन्श्टालचे छायाचित्र कोणीतरी टिपले. तिला खरोखरच धक्का बसला होता, यात संशय घेण्याचे कारण नाही. तिने सेनापतीकडे तक्रार केली आणि पथकाचे काम सोडले. यावर भर देताना तिचे समर्थक एक गोष्ट सांगायला विसरतात की त्यानंतर महिनाही लोटला नव्हता तोच, ५ ऑक्टोबरला, वॉर्सातली हिटलरची विजय-संचलने टिपायला ती हजर होती, आणि १४ जून १९४० रोजी पॅरिस पडल्यावर तिने हिटलरला केलेली अभिनंदनाची तार उपलब्ध आहे.

तिच्या कारकिर्दीचा खरा कस 'टीफलांट', म्हणजे 'सखल प्रदेश', या चित्रपटाने लागतो. ऑयगेन डाल्बेर यांच्या संगीतिकेवर आधारलेल्या या स्पॅनिश पार्श्वभूमीच्या कथेत ती स्वतः नर्तकीच्या भूमिकेत होती. चित्रीकरण १९४० ते १९४४ असे रखडले. बव्हेरियात स्पॅनिश खेडे उभारले, पण स्पॅनिश दिसणारी माणसे कुठून आणायची? १९४०च्या शरद ऋतूत साल्झबुर्गजवळच्या माक्सग्लान छावणीतून सुमारे पन्नास आणि १९४२ साली बर्लिनच्या मार्त्सान छावणीतून आणखी काही रोमा व सिंती स्त्रीपुरुष आणि मुले आणण्यात आली. रोमा आणि सिंती हे युरोपात 'जिप्सी' म्हणून ओळखले गेलेले समाज होत. नाझींनी त्यांना वंशाच्या नावाखाली कोंडून ठेवले होते. ही माणसे पहाऱ्यात गोठ्यांत आणि कोठारांत झोपत, चित्रीकरणात हसत-नाचत गर्दी करीत आणि काम संपले की छावणीत परत जात. मजुरी त्यांच्या हाती पडली नाही. पुढे त्यांतल्या पुष्कळांना आउश्विट्झला पाठवले गेले आणि बरेच जण तिथून परतले नाहीत.

युद्धानंतर १९४८ ते १९५२ या काळात नाझीमुक्तीच्या, म्हणजे नागरिकांच्या नाझी संबंधांची छाननी करणाऱ्या, मंडळांपुढे तिची चार वेळा चौकशी झाली आणि सर्वांत कडक निर्णयातही तिची गणना 'मिटलॉयफर', म्हणजे प्रवाहपतित किंवा मागोमाग चालणारी, या सौम्य वर्गात झाली. ती पक्षाची सभासद कधीच नव्हती, हे तिच्या पथ्यावर पडले. १९४९ साली 'रेव्ह्यू' या साप्ताहिकाने छावणीतल्या माणसांविषयी लिहिले तेव्हा तिने खटला भरला आणि जिंकला. त्या वेळी साक्ष द्यायला जिवंत कितीजण होते आणि त्यांचे कोण ऐकणार होते, हे न्यायालयाने फारसे विचारात घेतलेले दिसत नाही. 'टीफलांट' अखेर फेब्रुवारी १९५४मध्ये प्रदर्शित झाला. १९८२ साली नीना ग्लाडिट्झ या माहितीपटकर्तीने वाचलेल्या माणसांना कॅमेऱ्यापुढे आणले आणि पुन्हा कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. या वेळी निकाल संमिश्र लागला : माणसे छावणीतून आणली होती, ती सक्तीने आणली होती आणि त्यांना मोबदला मिळाला नाही, हे म्हणायला न्यायालयाने मुभा दिली; आउश्विट्झची कल्पना तिला होती, हे विधान मात्र सिद्ध झाले नाही असे ठरवले. ग्लाडिट्झने ते विधान असलेले दृश्य कापायला नकार दिला आणि तिचा माहितीपट दूरचित्रवाणीच्या कपाटात पडून राहिला.

दरम्यान पश्चिमेतल्या चित्रपटरसिकांनी तिला जवळजवळ माफ केले होते. १९६०च्या दशकात सुदानमधील नुबा जमातीत राहून तिने काढलेल्या छायाचित्रांचे पुस्तक १९७३ साली निघाले, १९७४ साली अमेरिकेतल्या टेल्युराइड महोत्सवात तिचा सत्कार झाला, आणि स्त्री-दिग्दर्शकांच्या शोधात असलेल्या अनेकांना ती पूर्वसूरी वाटू लागली. अमेरिकन समीक्षक सुझन साँटागने १९७५ साली आपल्या निबंधातून या लाटेला अटकाव केला. नुबांच्या देहांच्या छायाचित्रांतही तीच जुनी सौंदर्यदृष्टी आहे, हे साँटागचे म्हणणे चर्चेत राहिले, आणि ते काही ठिकाणी ताणलेलेही आहे. त्या निबंधाचा भक्कम भाग वेगळाच आहे, तो म्हणजे पुस्तकाच्या वेष्टनावर छापलेले लेखिकेचे चरित्र ओळीओळीने तपासून त्यातली असत्ये दाखवणे. रीफेन्श्टालच्या आयुष्याचा उरलेला भाग येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही : सत्तरी ओलांडल्यावर वय चोरून तिने पाण्याखाली पोहण्याचा परवाना मिळवला, आणि शंभराव्या वाढदिवसाच्या सुमारास तिचा सागरतळावरचा चित्रपट प्रदर्शित झाला.

त्याच २००२ साली एका मुलाखतीत ती म्हणाली की 'टीफलांट'मध्ये काम केलेले सर्व जिप्सी आपल्याला युद्धानंतर भेटले आणि त्यांच्यापैकी एकालाही काही झाले नव्हते. कलोनच्या रोमा संघटनेने तक्रार केली, सरकारी वकिलांनी चौकशी उघडली, तेव्हा हे विधान पुन्हा न करण्याचे लेखी वचन देऊन तिने ते मागे घेतले आणि चौकशी थांबली. ८ सप्टेंबर २००३ रोजी बव्हेरियातल्या प्योकिंग येथे ती मरण पावली. तिने जपून ठेवलेली पत्रे, फिल्म्स आणि ध्वनिफिती यांचे सुमारे सातशे खोके २०१८ साली बर्लिनच्या प्रशियन सांस्कृतिक वारसा प्रतिष्ठानकडे आले असून अभ्यासकांनी त्यांची छाननी सुरू केली आहे. मार्त्सानच्या माणसांपुरता कागद मात्र त्याआधीच सापडला होता. जिप्सींकडून नाझी सरकार जो खास कर वसूल करी त्याचा, रीफेन्श्टालच्या कंपनीशी संबंधित असा हा एप्रिल १९४३चा हिशेब आहे, आणि त्यात चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कधीही न आलेल्या किमान ६५ जणांची नोंद आहे.